फोन खिशातच होता

अभय शिरसाठला दारू सोडून दोन वर्षं चार महिने झाले होते. कोपरखैरण्यात एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी जमणाऱ्या त्यांच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी नवीन माणूस आला, विशेषतः कोणाचा नवरा नाहीतर भाऊ पिणारा असला, की पाळक कमळाकर काळे अभयकडे बघायचे आणि अभय उठून साक्ष द्यायचा. जालन्याकडच्या ख्रिस्ती घरात जन्मलो, पण देवाशी संबंध नाताळच्या जेवणापुरता. द्रोणागिरीच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो; तेव्हा खिशात क्वार्टर असायची. बायको मुलीला घेऊन पनवेलला भावाकडे निघून गेली. मग पाळकसाहेब रोज संध्याकाळी येऊन शेजारी बसायला लागले, चाळीस दिवस बसले, आणि एके दिवशी मी गुडघे टेकले आणि उठलो तो दुसराच माणूस होऊन. ऐकताना बायका डोळे पुसायच्या. आता परत आलेली त्याची बायको अस्मिता खाली मान घालून ऐकायची. दहावीत गेलेली त्यांची मुलगी जाई बापाकडे बघत असायची.

साक्ष खरीच होती. फक्त तिच्यात एक माणूस नव्हता.

त्या माणसाचं नाव ज्ञानू ठाकूर. उरणजवळच्या एका गावातला, गोदामात चेकर म्हणून कामाला. आलेल्या मालाची खोकी तपासून कागदावर खूण करायची, हे त्याचं काम. अभयने दारू सोडली त्याच्या पाच महिने आधीची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत अभय कंटेनरच्या आडोशाला उभा राहून प्यायला आणि तसाच फोर्कलिफ्टवर चढला. गाडी मागे घेताना त्याने वळून पाहिलंच नाही. ज्ञानू पिवळ्या पट्ट्याच्या आतून, म्हणजे चालणाऱ्याने जिथून चालायचं तिथूनच चालला होता. मागचं चाक त्याच्या उजव्या पावलावरून गेलं.

सुपरवायझर नंदकुमार पहिला धावत आला. ज्ञानू शुद्धीवर नव्हता. नंदकुमार अभयच्या तोंडाजवळ आला, क्षणभर थबकला आणि हळूच म्हणाला, "तो फोनवर बोलत होता ना?"

"हो," अभय म्हणाला.

एवढंच. अहवालात तेच लिहिलं गेलं, पोलिसांच्या जबाबातही तेच. त्या कोपऱ्यात कॅमेरा नव्हता. ज्ञानूचं पाऊल घोट्यापासून कापावं लागलं, आणि तो हॉस्पिटलात असतानाच, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला असा शेरा मारून कंपनीने त्याला कामावरून कमी केलं.

अभयने हे देवाला सांगितलं होतं. एकट्याने, दार लावून, रडून सांगितलं होतं. देवाने क्षमा केली असं तो स्वतःला समजावत आला होता. तरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर हातात आली की त्याचा घास घशात अडकायचा. मग तो पाणी प्यायचा, आणि महिना पुढे जायचा.

त्या वर्षी कंपनीत सेफ्टी वीक सुरू झाला. सोमवारी सकाळी सगळ्यांना शेडमध्ये बसवलं. बाहेरून आलेल्या ट्रेनरने पडद्यावर एक चित्र दाखवलं. कानाला फोन लावलेला माणूस, आणि मागून येणारी फोर्कलिफ्ट.

"ही तुमच्याच गोदामातली केस आहे," ट्रेनर म्हणाला. "एक फोन कॉल, आणि माणूस जन्माचा अधू. कोणाची चूक? बोला."

"त्याचीच!" पोरं एका सुरात ओरडली.

मग नंदकुमार उठला. तो आता मॅनेजर झाला होता. शुक्रवारी बक्षीस समारंभ आहे, आणि यंदाचा सुरक्षित चालक म्हणून अभय शिरसाठची निवड झाली आहे, असं त्याने जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. शेजारच्याने अभयच्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी घरी येऊन त्याने जाईला क्लासला जाऊ दिलं आणि अस्मिताला समोर बसवून सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"दोन वर्षं मला वाटायचं," ती म्हणाली, "तू झोपेत दचकतोस ते दारू सुटली म्हणून."

"मी ज्ञानूकडे जाणार. आणि कंपनीत सांगणार."

"सांगून काय होणार? त्याचा पाय येणार आहे परत?"

"नाही."

"मग? देवाने क्षमा केली ना तुला? तूच सांगतोस ना सगळ्यांना उभा राहून? नोकरी जाईल अभय. पोलीस केस होईल. जाईचं दहावीचं वर्ष आहे. आत्ता कुठे आपण माणसांत आलो."

तो एवढंच म्हणाला, "आज दोनशे माणसं ओरडली, त्याची चूक म्हणून. मी तिथेच बसलो होतो. दारू सोडली, पण हे मी रोज करतोय अस्मिता. रोज नव्याने करतोय."

अस्मिता उठून आत गेली.

सकाळी कामावर जाण्याआधी तो पाळकांच्या घरी गेला. कमळाकर काळे पूर्वी तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर होते. बोलणं मोजकं, फिरवून बोलायची सवय नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंडळीत दिलेली साक्ष?"

"अर्धी होती."

"माझंही चुकलं. मी तुला सारखा उभा करत राहिलो, विचारलं कधीच नाही." त्यांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "माझ्याकडे कशाला आलास? मी नको म्हणावं म्हणून?"

अभयने खरं उत्तर दिलं. "थोडंसं."

"मी नको म्हणणार नाही. ज्याचा गुन्हा केलास तो जिवंत आहे, बसने तासाभरावर राहतो. आधी त्याच्याकडे जा. आणि त्याने क्षमा करावी म्हणून जाऊ नकोस. त्याचं खरं त्याला परत द्यायला जा. तो पुढे काय करतो ते त्याचं."

त्यांनी प्रार्थना केली. छोटीच. अभयचं धैर्य टिकू दे, एवढंच मागितलं.

बुधवारी अभयने रजा टाकली. बूट घालत होता तेव्हा अस्मिता पर्स घेऊन दाराशी आली.

"मी पण येते," ती म्हणाली. "मला पटलंय म्हणून नाही. तू एकटा गेलास तर वाटेत कुठे थांबशील याची मला अजून भीती वाटते म्हणून."

"चल," तो म्हणाला.

ज्ञानूचं घर गावाच्या टोकाला होतं. त्याची आई सुंदराबाई ओट्यावर सुकट पाखडत बसली होती. ज्ञानू आत खुर्चीत बसून शेजाऱ्याचा बिघडलेला मिक्सर उघडत होता. भिंतीला काठी टेकवलेली. अभयला पाहून तो ओळखीचं हसला.

"अरे, डायवर! ये ये. आये, पानी आन. आपल्या कंपनीतला मानूस हाय."

त्या हसण्याने अभयचा धीर सुटत आला. तो बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "ज्ञानू, आधी ऐक, मग पाणी दे. त्या दिवशी मी प्यायलेलो होतो. मी मागे बघितलं नाही. तू पट्ट्याच्या आत होतास. तू फोनवर बोलत होतास हे मी खोटं सांगितलं."

ज्ञानूच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला.

"फोन कुठं होता?" त्याने विचारलं.

"तुझ्या खिशात."

"कुठल्या?"

"शर्टाच्या. वरच्या. तुला उचललं तेव्हा तो खाली पडला, मी बघितला."

"खिशात होता," ज्ञानू म्हणाला. मग पुन्हा, मोठ्याने, "खिशात होता! आये, इकडं ये. ऐक हा काय बोलतोय. फोन खिशात होता!"

सुंदराबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिला काही कळेना. ज्ञानू अस्मिताकडे वळला, जणू तिला साक्षीदार करत होता. "तीन वर्स होत आली. मी सांगत होतो, फोन नव्हता कानाला. कोन ऐकनार? सगळे बोलले, बेसुद्ध होतास, तुला काय आठवनार. गावात पोरं मला मोबाइल म्हनून हाक मारतात. ही माझी आय, ही पन बोलली, कशाला बोलत चाललास रं. मग मला पन वाटाया लागलं, बोलत असन. कोनाशी बोलत होतो, ते आठवत बसायचो. रात्रंदिवस. कोनाशी?"

तो रडायला लागला. ओंजळीत तोंड लपवून नाही, सरळ समोर बघत.

सुंदराबाईच्या आता सगळं लक्षात आलं. तिने तांब्या खाली ठेवला, अभयजवळ आली आणि त्याच्या मुस्काटात मारली. म्हातारीचा हात, पण कोळंबी सोलून, मिठागरात राबून घट्ट झालेला. अस्मिता पुढे सरकली. अभयने हातानेच तिला थांबवलं.

"मी माझ्या पोराला बोल लावला," सुंदराबाई म्हणाली. "त्याचा पाय गेला, आन वर मी त्याला बोल लावला. तुझ्यापायी." ती ओट्यावर जाऊन बसली. थोड्या वेळाने अस्मिता तिच्याजवळ जाऊन बसली. म्हातारीने तिला उठवलं नाही.

आत ज्ञानूने तोंड पुसलं. "इथं सांगून काय उपेग? चार भिंतींत मी पन सांगत होतो. जिथं खोटं बोललास तिथं सांग. सगळ्यांसमोर."

"परवा सांगतो. शुक्रवारी. सगळे जमणार आहेत."

"मी येनार."

"ये."

"आन तू नाय बोललास तर?"

"तर तू बोल. आता तुला ठाऊक आहे."

ज्ञानूने मिक्सर पुन्हा पुढे ओढला. "जा आता," तो म्हणाला. माफ केलं की नाही, तो बोलला नाही, आणि अभयने विचारलं नाही.

गुरुवारी दुपारी अभय नंदकुमारच्या केबिनमध्ये गेला. न सांगता त्याला सगळ्यांसमोर पाडणं अभयला बरोबर वाटेना. नंदकुमारने ऐकलं, आणि उठून दार लावलं.

"वेडा झालास का? मिटलेलं प्रकरण आहे."

"ज्ञानूचं मिटलेलं नाही."

"हे बघ, तू सुधारलास, चांगली गोष्ट आहे. चर्चमध्ये काय सांगायचं ते सांग. इथे कशाला? मी त्या दिवशी तुला वाचवलं अभय. विसरलास?"

"नाही विसरलो. पण तुम्ही मला वाचवलंत ते ज्ञानूच्या अंगावर ढकलून. आणि मी ढकलू दिलं."

नंदकुमार खुर्चीत बसला. आवाज खाली आला. "बरं. सांग तू. पण एवढं म्हण, की सुपरवायझरला काही माहीत नव्हतं. माझी दोन मुलं आहेत. एवढं तरी कर."

हे मागणं अभयला अपेक्षित नव्हतं. समोरचा माणूस खरोखर घाबरला होता. एक वाक्य, आणि एक घर वाचेल. अभय दाराकडे वळला, परत फिरला. मग म्हणाला, "तुम्हाला वास आला की नाही, ते मी कसं सांगू? ते तुम्हालाच ठाऊक. मी तुमच्यावर आरोप करणार नाही. पण तुम्ही मला काय विचारलंत आणि मी काय उत्तर दिलं, ते जसंच्या तसं सांगणार. त्यातला एक शब्द वाढवणार नाही, एक कमी करणार नाही. साहेब, तुम्हीच आधी वर कळवा. अजून दिवस आहे."

"निघ," नंदकुमार म्हणाला.

शुक्रवारी शेडमध्ये मंडप घातला होता. वरचे अधिकारी आले होते. ज्ञानू काठी टेकत आला आणि आईला घेऊन शेवटच्या रांगेत बसला. जुन्या पोरांनी त्याला पाहिलं, कुजबुज झाली. एकाने गमतीने कानाला हात लावून दाखवला.

अभयचं नाव पुकारलं. तो वर गेला, पण बक्षिसाच्या ढालीकडे हात केला नाही. माइक मागितला.

"हे बक्षीस मला घेता येणार नाही," तो म्हणाला. "सोमवारी तुम्हाला जी केस सांगितली, त्यातला ड्रायव्हर मी आहे. मी दारू प्यायलेलो होतो. ज्ञानू ठाकूर पट्ट्याच्या आत चालत होता. त्याचा फोन खिशात होता. सुपरवायझर नंदकुमारांनी मला विचारलं, तो फोनवर बोलत होता ना, आणि मी हो म्हणालो. ते खोटं होतं. ज्ञानूची काही चूक नव्हती. तो तिथे मागे बसलाय. त्याला मोबाइल म्हणून हाक मारायची नाही कोणी, आजपासून. मी ख्रिस्ती आहे. मी बदललो असं दोन वर्षं सगळ्यांना सांगतोय. हे सांगितल्याशिवाय ते खरं नव्हतं. जी काही शिक्षा असेल ती मला मान्य आहे. हे सगळं मी लिहून आणलंय."

त्याने कागद टेबलावर ठेवला. टाळ्या वाजल्या नाहीत. शिव्या मात्र आल्या, दोन-तीन, जुन्या लोकांकडून. त्या बरोबरच होत्या. मघाशी कानाला हात लावणारा पोरगा उठला, मागे गेला आणि ज्ञानूच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

अभयला त्याच दिवशी गेटपास जमा करायला लावला. संध्याकाळी पोलीस स्टेशनला जबाब झाला. पुढे केस उभी राहिली. नंदकुमारची चौकशी लागली. त्याने आधी नाकारलं, मग आठवड्याने स्वतःच कबूल केलं, आणि त्याची बदली झाली. ज्ञानूची फाईल कंपनीने पुन्हा उघडली, शेरा खोडला, आणि त्याला ऑफिसमध्ये, बसून करण्याच्या कामावर परत घेतलं.

घरी सोपं गेलं नाही. शाळेत कोणीतरी जाईला बोललं. ती घरी येऊन बापाशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "पप्पा, तुम्ही गप्प राहिला असतात तर कोणाला कळलं असतं?"

"कोणालाच नाही."

"मग मला राग कोणाचा येतोय तेच कळत नाही," ती म्हणाली आणि अभ्यासाला बसली. अस्मिताने वाशीतल्या एका दुकानात पॅकिंगचं काम धरलं. संध्याकाळी पाळकसाहेब पुन्हा यायला लागले, कारण अभयने स्वतःच त्यांना सांगितलं होतं, की पोलीस स्टेशनवरून येताना तुर्भ्याच्या बारसमोर आपले पाय थांबले होते. आत गेलो नाही, पण थांबलो. पुढच्या वेळी अस्मिता बरोबर आली. नंतर त्याने रस्ताच बदलला.

कोर्टात वकील म्हणाला, "इतक्या दिवसांनी पुरावा काय आहे? कबूल करू नकोस, सुटशील."

न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"आहे," अभय म्हणाला. वकिलाने कपाळाला हात लावला.

दोन महिन्यांची साधी कैद झाली. ती त्याने भोगली. फोर्कलिफ्टचं काम आता कोणी देणार नव्हतं. सुटून आल्यावरचा रविवार महिन्याचा पहिलाच होता; मंडळीत तो मागच्या रांगेत बसला. पाळकांनी त्याला उभं केलं नाही. भाकर हातात आली, त्याने ती खाल्ली आणि पाणी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो वाशीच्या भाजी मार्केटमध्ये गेला. ओळखीच्या एकाने एका गाळ्यावर पाठवलं होतं. गाळ्याचे मालक अरविंदशेठ गोणींवर पाइपने पाणी मारत होते. त्यांनी अभयला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आधी काय करायचास?"

"फोर्कलिफ्ट चालवायचो. द्रोणागिरीला."

"चांगलं काम सोडून गोणी उचलायला आलास? का?"

पाठीचं दुखणं, मालकाशी भांडण, कंपनी बंद पडली, असं काहीही चाललं असतं. मार्केटमध्ये कोण खातरजमा करणार होतं?

"दारू पिऊन गाडी चालवली. एका माणसाचं पाऊल गेलं. खोटं बोलून त्याच्यावर ढकललं होतं, नंतर कबूल केलं. परवाच जेलमधून सुटलो. आता पीत नाही."

अरविंदशेठच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. पाणी त्यांच्या चपलांवर आलं तसे ते बाजूला सरकले.

"हे सगळं सांगायलाच पाहिजे होतं का?" त्यांनी विचारलं.

"हो, शेठ."

मागे टेम्पो येऊन लागला होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"आठ दिवस बघतो," ते म्हणाले. "आधी तो टेम्पो खाली कर."

अभयने शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि टेम्पोचा फाळका खाली घेतला.